इच्छामरणाचा कायदा गावापर्यंत कसा आला

15 नोव्हेंबर 1982 रोजी, दिवाळीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यातल्या पवनारला विनोबा भावे गेले. आठवडाभर आधी, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले होते. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या. आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम 309 तेव्हा पुरते लागू होते. पवनारला ते कोणी लावले नाही.

इच्छामरणाचा वाद त्याहून जुना. 1928 साली साबरमती आश्रमात वेदनेने तडफडणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देऊन मारायला लावले, तेव्हा अहिंसेच्या नावाने त्यांच्यावर संतप्त पत्रांचा मारा झाला. वेदना संपवण्यासाठी दिलेले मरण आणि स्वतः अन्न सोडून स्वीकारलेले मरण, या दोन्हींची चर्चा आपल्याकडे आधी आश्रमात झाली, कोर्टात नंतर. जैनांची सल्लेखना, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून मरण स्वीकारणे, दुसऱ्याच वाटेची. राजस्थान उच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2015 रोजी ती बेकायदा ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

कोर्टांचे मत दहा वर्षांत इकडून तिकडे फिरले. मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये मारुती दुबळ प्रकरणात कलम 309 घटनाबाह्य ठरवले, 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले आणि 1996 मध्ये ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते उलटवले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे हे पीठ म्हणाले. पण मरण अटळ आणि जवळ असताना सन्मानाने मरण्याची गोष्ट त्याने वेगळी मानली. पुढचे सगळे याच फटीतून आले. अरुणा शानबाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका, हल्ल्यानंतर तिथेच असहाय अवस्थेत पडून असलेल्या. 7 मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे उपचार थांबवण्याची याचिका फेटाळली, कारण 1973 पासून त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालाने उघडली. गावातल्या माणसाने त्यासाठी नागपूरला वकील लावायचा, म्हणजे ती वाट कागदावरचीच.

कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवरच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. पण त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही, जिल्हाधिकाऱ्याने नेमलेले वैद्यकीय मंडळ आणि मंडळातल्या डॉक्टरांना वीस वर्षांचा अनुभव, अशा अटी होत्या. असे डॉक्टर एका वेळी जमवणे मोठ्या शहरातही जड, मग गडचिरोली किंवा वाशीमची कथा काय! 24 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयानेच या अटी सैल केल्या.

आता इच्छापत्र करणारा अठरा वर्षांवरचा आणि शुद्धीत असावा. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचे. तहसील कचेरीच्या आवारात हे एका सकाळी होते. एक प्रत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आणि एक घरच्या डॉक्टरकडे द्यायची. निर्णय घेणाऱ्या नातेवाइकांची नावे लिहायची. एकाहून जास्त चालतात. इच्छापत्र कधीही लेखी रद्द करता येते.

बिघडते ते बहुधा मजकुरात. ‘मला त्रास नको’ एवढेच लिहिले तर अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरला काहीच ठरवता येत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीतून अन्न, बंद पडलेले हृदय छाती दाबून सुरू करणे, यातले काय आणि कोणत्या अवस्थेत नको, ते एकेक लिहावे. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावा. शेताचा वारसच साक्षीला असेल तर पुढे भावाभावांत संशय पेटतो. प्रत पेटीत कुलूपबंद ठेवली आणि पेशंट रात्री अँब्युलन्समधून नागपूरच्या किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीच्या मोठ्या रुग्णालयात गेला, तर तिथे ती नसल्यासारखीच.

उपचार थांबवायचे की नाही, हे दोन मंडळे पाहतात. दवाखान्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ मिळून पहिले मंडळ बनते. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि वेगळे दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचे असते. आपल्याकडे जिल्ह्यात शल्यचिकित्सक वेगळा आणि आरोग्य अधिकारी वेगळा, म्हणून नाव कोणाकडून घ्यायचे इथेच पहिला दिवस जातो. उपचार काढण्याआधी दवाखान्याने न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचे असते. परवानगी मागायची नसते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय आहेच. इच्छापत्र नसले तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच दोन मंडळे निर्णय घेऊ शकतात.

विषारी इंजेक्शन देऊन मरण आणणे आजही गुन्हाच आहे. शेतकरी आत्महत्यांशी या कायद्याचा संबंध जोडणे चूक, आणि विदर्भात ते फार सहज जोडले जाते. कीटकनाशक घेतलेला माणूस मरणाच्या दारातला असाध्य रुग्ण नव्हे. त्याला वाचवण्याची डॉक्टरची जबाबदारी पूर्ण असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 115 अशा माणसाला तीव्र ताणाखाली समजते, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत जुने 309 उरलेले नाही. दबाव आणून सरकारी कर्मचाऱ्याचे काम अडवण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न मात्र कलम 226 खाली अजून गुन्हा आहे.

खेड्यात उपचार थांबतात ते बहुतेक वेळा यातल्या कशानेही नाही. पैसे संपतात, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टीच्या कागदावर अंगठा उमटतो आणि म्हातारा घरी येतो. कायद्याच्या लेखी हा कुटुंबाने घेतलेला डिस्चार्ज, त्यामुळे मंडळ नाही आणि वेदनाशामकाची चिठ्ठीही नाही. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनच्या साध्या गोळ्या ठरलेल्या मात्रेत दर चार तासांनी द्याव्या लागतात, सोबत बद्धकोष्ठावरचे औषधही. 2014 च्या अंमली पदार्थ कायद्यातल्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त दवाखान्यांना त्या ठेवणे सोपे केले, पण तालुक्याच्या मेडिकल स्टोअरमध्ये त्या शोधून मिळत नाहीत. म्हणून अशा पेशंटला घरी नेताना जिल्हा रुग्णालयाच्या वेदनाशमन कक्षाची चिठ्ठी आणि पहिल्या काही दिवसांच्या गोळ्या सुट्टीच्या कागदाबरोबरच मागून घ्याव्यात.