बिनबॅटरीच्या कार्डाशी संवाद: आरएफआयडी रीडर आणि आर्डुइनो

आरएफआयडी (रेडिओलहरींनी ओळख पटवण्याचे तंत्र) रीडरच्या संचासोबत मिळणारे पांढरे प्लास्टिकचे कार्ड अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरले, तर त्याच्या कडेकडेने फिरलेले तारेचे काही वेढे आणि त्यांना जोडलेला एक लहानसा गडद ठिपका दिसतो. कार्डात याखेरीज काहीही नाही, बॅटरी तर नाहीच. तरीही रीडरजवळ नेताच ते आपला क्रमांक सांगते. आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या पाटीच्या मदतीने तो क्रमांक संगणकाच्या पडद्यावर आणणे हे एका संध्याकाळचे काम आहे, परंतु कार्डाला शक्ती कोठून मिळते हे आधी समजून घेतले, तर पुढे काही अडल्यावर चाचपडावे लागत नाही.

रीडरच्या पाटीवर तांब्याचे एक चौकोनी वेटोळे छापलेले असते आणि त्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झ या वारंवारतेने, उलटसुलट होणारा प्रवाह वाहतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारच्या तारेत विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते. रस्त्याकडेच्या खांबावरील रोहित्र याच तत्त्वावर चालते. आपला रीडर आणि कार्ड मिळून एक रोहित्रच तयार होते. फक्त त्याला लोखंडी गाभा नाही आणि त्याची दोन वेटोळी एकमेकांपासून सुटी आहेत. त्यामुळे अंतर वाढताच शक्ती झपाट्याने घटते आणि लहान रीडरचा पल्ला चार-पाच सेंटिमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. कार्डामागे धातूचा पत्रा असेल, तर त्या पत्र्यात निर्माण होणारे प्रवाह मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि एवढाही पल्ला उरत नाही.

कार्डाचे बोलणे तर याहून चतुराईचे आहे. ते स्वतः कोणतीही लहर प्रक्षेपित करत नाही. रोहित्राच्या एका बाजूचा भार वाढला की दुसऱ्या बाजूला त्याची चाहूल लागते. कार्डातील चिप नेमके हेच करते. ती आपल्या वेटोळ्यावरील भार सेकंदाला सुमारे ८ लाख ४७ हजार वेळा कमीजास्त करते आणि या थरथरीच्या असण्यानसण्यातून एक व शून्य व्यक्त करते. रीडर स्वतःच्याच वेटोळ्यातील हा सूक्ष्म फरक टिपतो. उलट रीडरला काही सांगायचे असेल, तेव्हा तो आपले क्षेत्र दोन-तीन मायक्रोसेकंद बंद करतो. तेवढा वेळ चिप साठवलेल्या विद्युतभारावर तग धरते.

आता जोडणीकडे वळू. छंद म्हणून काम करणाऱ्यांमध्ये आरसी५२२ नावाने विकला जाणारा, एनएक्सपी कंपनीच्या एमएफआरसी५२२ चिपवर आधारलेला रीडर सर्वाधिक प्रचलित आहे. त्याला आठ पिना असतात आणि आर्डुइनो उनोशी तो एसपीआय या चिपांमधील संवादाच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतो: रीडरची एससीके पिन उनोच्या १३ला, मिसो १२ला, मोसी ११ला, एसडीए १०ला आणि आरएसटी ९ला जोडावी, आयआरक्यू मोकळी ठेवली तरी चालते. एसडीए हे नाव फसवे आहे, कारण या जोडणीत तिचे काम चिपची निवड करण्याचे असते. वीजपुरवठा मात्र ३.३ व्होल्टचाच द्यावा; ५ व्होल्टच्या पिनेला जोडल्यास चिप निकामी होऊ शकते. खरे तर उनोचे संदेशही ५ व्होल्टचेच असतात, आणि ते बहुधा चालून जात असले तरी मधे लेव्हल शिफ्टर (विद्युतदाबाची पातळी बदलणारा भाग) बसवणे किंवा मुळातच ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ हा आर्डुइनोसारखा बोर्ड वापरणे अधिक शहाणपणाचे ठरते.

नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ प्रोग्रामपेक्षा सोल्डरिंगमध्ये जातो. अनेकदा रीडरसोबत पिनांची पट्टी सुटी मिळते आणि ती नुसती भोकांत खोचून काम भागेल असे वाटते. मग कार्ड कधी वाचले जाते, कधी नाही. म्हणून आर्डुइनोच्या लायब्ररीतील तयार उदाहरण चालवून आधी चिपची आवृत्ती विचारावी. उत्तर (ते सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत असते) ९१ किंवा ९२ आले तर जोडणी ठीक आहे. मात्र ०० किंवा एफएफ आले, तर कार्डाला दोष न देता तारा तपासाव्यात.

संचातील कार्ड सामान्यतः मायफेअर क्लासिक १के प्रकारचे असते. त्यात १०२४ बाइट असून त्यांचे १६ विभाग आणि प्रत्येक विभागात १६ बाइटचे चार कप्पे असतात. प्रत्येक विभागाचा शेवटचा कप्पा किल्ल्या (विभाग उघडणारे गुप्त संकेत) आणि परवानग्यांसाठी राखीव असतो आणि अगदी पहिला कप्पा कारखान्यातच भरलेला असतो, त्यामुळे आपल्या वाट्याला ७५२ बाइट येतात. नव्या कार्डाच्या किल्लीचे सहाही बाइट एफएफ असतात. शेवटच्या कप्प्यात चुकीचे परवानगी-बिट लिहिल्यास तो विभाग कायमचा बंद होऊ शकतो, तेव्हा सुरुवातीला तिकडे फिरकूच नये.

पहिल्या प्रकल्पात लोक बहुधा कार्डाचा चार बाइटचा क्रमांक ताडून कुलूप उघडतात. हजेरी किंवा छोट्या ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद यांसाठी ही पद्धत उत्तम आहे, पण घराच्या दाराला ती लावू नये. हा क्रमांक कोणत्याही रीडरला विनाअट सांगितला जातो, आणि तो हवा तसा बदलता येणारी कार्डेही बाजारात मिळतात. किल्लीवर विसंबावे, तर या कार्डाची ४८ बिटांची क्रिप्टो-१ ही सांकेतिक पद्धत संशोधकांनी २००८ पर्यंत उलगडून दाखवली होती.

आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो: गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याने वाचता येईल का? येणार नाही. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि चुंबकीय जोडणीऐवजी दूरवर जाणाऱ्या रेडिओलहरी परावर्तित करून उत्तर देतो, म्हणून तो टोलनाक्यावर काही मीटरवरून वाचला जातो. कार्यालयांतील कित्येक जुनी हजेरी-कार्डे १२५ किलोहर्ट्झवर चालतात. त्यांनाही हा रीडर दाद देत नाही. त्यांच्यासाठी ईएम-१८ सारखा वेगळा रीडर घ्यावा लागतो.