ताडोब्याचं वेळापत्रक काळी खोऱ्यात चालत नाही

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी हमखास विचारतात, "दांडेली-अणशीला कधी जावं? वाघ कधी दिसेल?" बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: ऐन उन्हाळ्यात, पाणवठ्यावर. हे उत्तर ताडोब्याचं आहे आणि तिथं ते बरोबरही आहे. काळी नदीच्या खोऱ्यातल्या आपल्या पश्चिमेच्या जंगलाला मात्र ते जसंच्या तसं लागू पडत नाही.

ताडोबा म्हणजे साग-बांबूचं कोरडं पानझडी जंगल. उन्हाळ्याकडे कलताना तिथली पानं गळतात आणि नजर लांबवर पोचते. ओढे आटतात, पाणी मोजक्या जागी उरतं, चितळ-सांबर तिथं गोळा होतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजण्याची रीत त्यातूनच आली. उन्हाळ्यात वाघ वाढत नाहीत. त्यांचा आडोसा कमी होतो आणि पाण्यापाशी येण्यावाचून त्यांना गत्यंतर उरत नाही, इतकंच.

आता घाटमाथ्याकडे या. अरबी समुद्रावरून आलेले ढग कणकुंबी, चोर्ला, अणशी या भागात सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथंच ओततात. बेळगाव शहरापर्यंत पाऊस बराच कमी होतो आणि अथणीकडे तर लोक पावसाची वाटच पाहत असतात. एकाच बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेला सदाहरित जंगल आणि पूर्वेला काटेरी माळरान दिसतं ते यामुळे. सदाहरित झाडं सगळी पानं एकदम गाळत नाहीत. पालापाचोळ्याने झाकलेली जमीन मुरलेलं पाणी हळूहळू सोडते, म्हणून बऱ्याच ओढ्यांना उन्हाळ्यातही धार असते. प्राण्यांना एकाच पाणवठ्यावर यायचं कारणच उरत नाही. अणशीच्या दाट भागात कुठल्याही महिन्यात गेलात तरी झाडीत काही पावलांपलीकडचं दिसत नाही.

काळी व्याघ्र प्रकल्पात खरं तर दोन वेगळी जंगलं आहेत. अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ सालचं. २००७ मध्ये ते दांडेली अभयारण्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. क्षेत्र सुमारे १,३०० चौरस किलोमीटर. अणशीची बाजू ओली आणि हिरवी, तर दांडेलीकडची, कुळगी-फणसोलीची बाजू ओलसर पानझडी, सागाची आणि बांबूची. या दुसऱ्या बाजूला ताडोब्याचा नियम निम्मा तरी लागू पडतो. गवे, सांबर, चितळ पाहायचे असतील तर मार्च-एप्रिलमध्ये तिकडची पहाटेची सफारी धरावी. काळा बिबट्या इथं आहे, पण त्याच्या भरवशावर तारीख ठरवू नये.

या जंगलाचं खरं वैभव मला विचाराल तर धनेश. महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि भारतीय राखी धनेश अशा चारही जाती इथं आढळतात. त्यांचं वेळापत्रक पाण्यापेक्षा फळांवर चालतं. उन्हाळ्याच्या तोंडावर महाधनेशाची मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांच्या चोथ्याने ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडण्याची पिसंही गळून नवी येतात, म्हणजे ती काही आठवडे पूर्णपणे नराच्या आधाराने जगते. पिल्लाची भूक सर्वात जास्त असते तेव्हा रानात फळं भरपूर हवीत आणि मुसळधार पावसाआधी ते बाहेरही पडायला हवं. या दोन्ही अटी कोरड्या महिन्यांतच जमतात.

त्यात वड, उंबर, नांदरूक यांची मोलाची मदत होते. ही सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत. त्यांचं परागीभवन करणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या फार थोडे दिवस जगतात. एका झाडावरून निघालेल्या माशीला त्याच जातीचं दुसरं झाड नेमक्या अवस्थेत सापडलं नाही तर माशीही जाईल आणि झाडाचं बीही. त्यामुळे रानात कुठं ना कुठं एखादं झाड लगडलेलं असतंच. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अशा फळलेल्या झाडापासून थोडं लांब, सावलीत शांत बसून राहा. ढोलीपाशी मात्र कृपा करून जाऊ नका. माणसं पाहून नर फिरकला नाही, तर आतली मादी आणि पिल्लू दोघंही उपाशी राहतात. एका फोटोसाठी एवढी किंमत कुणी वसूल करू नये.

मेच्या उत्तरार्धात वळवाच्या सरी पडल्या की घाटमाथ्यावर काजवे येतात. अळीच्या रूपात त्यांचे कित्येक महिने ओल्या मातीत गोगलगायी खाण्यात जातात आणि पंख फुटल्यावर हातात थोडेच दिवस उरतात. तेवढ्यात जोडीदार शोधायचा तो उजेडाच्या खुणेने. म्हणून इथं पौर्णिमेऐवजी वैशाख अमावस्या निवडावी, बुद्धपौर्णिमेनंतर साधारण पंधरा दिवसांनी. चांदण्यात ती खूण फिकी पडते, आणि गाडीचे दिवे व टॉर्च तर तिला पार बुडवून टाकतात. रात्री राखीव जंगलात जायला मनाई असते, पण जांबोटी-चोर्ल्याकडच्या एखाद्या मुक्कामाच्या अंगणातले दिवे मालवले तरी पुरतं.

याच सुमारास नागराजाची (किंग कोब्राची) मादी पालापाचोळा अंगाने ओढून घरटं रचते. सापांमध्ये असं घरटं बांधणारा हा एकटाच. ते कुणाला दिसावं अशी अपेक्षा नको, पण रानवाटेवर पाऊल जपून टाकायला हे कारण पुरेसं आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते, स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि गर्दीही असते. पावसाने वाढलेलं गवत मात्र तेव्हा अजून उंच असतं, त्यामुळे जनावरं कमी दिसतात. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर हाच काळ बरा. जून ते सप्टेंबर बेडकांचा आणि शीळ घालणाऱ्या कस्तुर पक्ष्याचा. त्या दिवसांत सफारी बहुधा बंद असते आणि ओढ्यांना अचानक लोंढा येतो. धबधब्यांकडे परवानगीशिवाय वळू नये, आणि निघण्याआधी वनखात्याकडे कुठला रस्ता उघडा आहे ते विचारून घ्यावं.