डोक्याचा एमआरआय आणि मानसिक आजार: स्कॅनआधी वाचा

मानसोपचार तज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन नाशिक शहरातून, निफाड-सिन्नरकडूनही घरची मंडळी पेशंटला आमच्या स्कॅन सेंटरमध्ये आणतात. काउंटरवर प्रश्न बहुतेक ठरलेला: "यात कळेल ना, नेमकं काय बिघडलंय?" म्हणून पैसे भरण्याआधीच सांगतो. स्किझोफ्रेनिया (भास, संशय यांचा आजार) किंवा बायपोलर (मन कधी अति चढतं, कधी अति खचतं तो) आजार एमआरआयवरून ठरत नाही. तो मानसोपचार तज्ज्ञ ठरवतात. पेशंटशी आणि तुमच्याशी बोलून.

मग मेंदूत फरक नसतोच का? असतो. १९७६ साली इंग्लंडमध्ये ईव्ह जॉनस्टोन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी जुन्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून दोन हजारांवर पेशंटचे एमआरआय निरोगी लोकांच्या स्कॅनशी ताडून पाहिले. आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि मेंदूच्या मध्यभागातला थॅलॅमस पेशंटमध्ये सरासरीने लहान निघाले, पोकळ्या मोठ्या. बायपोलरमध्येही असे फरक सापडतात, पण सहसा कमी.

इथे 'सरासरीने' हा शब्द सोडू नका. थंडीत निफाडचा पारा नाशिकपेक्षा खाली असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोणी नुसतं "आज दहा अंश" म्हटलं, तर ते निफाडचे की नाशिकचे, हे छातीठोक सांगता येईल का? मेंदूच्या मापांचंही तेच. कित्येक पेशंटची मापं निरोगी माणसासारखी असतात, आणि उलटही.

<b>मग डॉक्टर स्कॅन का सांगतात?</b>

दुसरं काही नाही ना, हे पाहायला. गाठ, मेंदूची सूज, डोक्याला जुना मार, टेपवर्मच्या अळीची गाठ यांतूनही भास, संशय, वागण्यातला बदल येऊ शकतो. फिट्स येत असतील, हातापायातली ताकद गेली असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल, तर स्कॅन टाळू नये. ज्याचं निदान पक्कं आहे, तब्येत स्थिर आहे, त्याने नुसत्या हौसेने दरवर्षी एमआरआय काढण्यात अर्थ नाही. आमचा धंदा असूनही हे सांगतो.

<b>रिपोर्ट हातात आल्यावर</b>

शेवटी 'नो सिग्निफिकंट अ‍ॅबनॉर्मॅलिटी' (म्हणजे विशेष दोष नाही) असं असलं, की घरात लगेच कोणीतरी म्हणतं, "बघा, काही नाही, नाटकं करतो." कृपा करून असं म्हणू नका. रिपोर्ट नॉर्मल असला तरी आजार खरा असतो. 'माइल्ड अ‍ॅट्रॉफी' लिहिलं असेल, तर "मेंदू सुकला" म्हणून रडारडही नको. वय आणि दारूनेही मेंदू थोडा आकसतो. फिल्म घेऊन डॉक्टरांकडेच जा.

औषधांनी मेंदू लहान होतो, असं मोबाइलवर वाचून काही जण गोळ्या बंद करतात. औषधं सुरू होण्याआधीही असे फरक आढळले आहेत. जास्त डोसचा काही परिणाम होतो का, यावर तज्ज्ञांत चर्चा आहे. लिथियम हे औषध घेणाऱ्या बायपोलर पेशंटमध्ये तर मेंदूचा बाहेरचा थर (कॉर्टेक्स) सरासरीने जाड आढळला आहे. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, गोळी परस्पर थांबवू नका.

<b>स्कॅनच्या दिवशी</b>

मंगळसूत्र, जोडवी, पिना, घड्याळ घरीच ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात धातूची क्लिप असेल, तर वेळ घेतानाच सांगा. मशीन ठोकल्यासारखा मोठा आवाज करतं. कानात बोळे देतो. "मशीन मनातलं वाचतं," अशी धास्ती घेतलेल्या पेशंटला फसवून आत ढकलू नका. आम्हाला कानात सांगा, आधी रिकामं मशीन दाखवू. धातू काढून ठेवून घरचं एक माणूस शेजारी बसू शकतं. जुन्या फिल्म आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. मधल्या काळात पेशंटचा त्रास वाढला, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी नंबरवर रात्रीबेरात्रीही फोन लागतो, मोफत.