लेख उघडायच्या आत शेअर का होतो?

आमच्या घरी मोबाइलला रेंज मिळते ती खळ्याच्या एका टोकाला, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून उभं राहिलं तरच. कुडाळहून आमचं गाव फार लांब नाही, पण मध्ये डोंगर आडवा येतो. गणपतीला मुंबईहून पुतण्या आला की संध्याकाळची आरती आटोपून तो त्या गडग्याशी जाऊन उभा राहतो. एकदा मीही त्याच्या शेजारी उभा होतो. त्याच्या आवडत्या नटाच्या नव्या सिनेमावरचा एक लेख समोर आला. वर मथळा, खाली नटाचा फोटो. त्याने बोट टेकवलं, पान उघडायला लागलं. वरची निळी रेघ जेमतेम पाव वाट चालली असेल, तेवढ्यात तो मागे फिरला आणि तोच दुवा त्याने तीन ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं, ‘एकदम बरोबर लिहिलंय.’ फोटोंनी भरलेला लेख जड, तो उघडायला अजून अर्धं मिनिट तरी लागलं असतं. दोन ओळींचा निरोप हलका, तो केव्हाच पोचला होता.

मुंबईच्या वेगवान नेटवर वाचणं आणि शेअर करणं एकमेकांत इतकं मिसळून जातं की वाचूनच शेअर केलंय असं वाटतं. आमच्या गडग्यापाशी दूध नासल्यावर पाणी वेगळं दिसावं तशी ती दोन कामं मला वेगवेगळी दिसली. मुलगा आळशी नाही. हातात पुस्तक दिलं तर रात्रभर वाचतो. मग बोट डोळ्यांच्या पुढे का धावलं?

न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सची इन्रिया ही संशोधन संस्था यांच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ट्विटरवरची अशीच पाहणी प्रसिद्ध केली. ५ मोठ्या वृत्तमाध्यमांच्या लेखांचे दुवे किती वेळा पुढे गेले आणि त्यांवर प्रत्यक्ष किती टिचक्या पडल्या, याचा ताळा त्यांनी मांडला. ५९ टक्के दुव्यांवर कुणीही टिचकी मारलेली नव्हती. या आकड्याची नेहमी एक गफलत होते. शंभरातले ५९ लोक न वाचता शेअर करतात, असं तो सांगत नाही. शंभरातले ५९ दुवे न उघडताच हातोहात फिरले, एवढंच तो सांगतो. माणसांच्या वागण्याच्या जास्त जवळ जाणारा अभ्यास २०२४ चा आहे, अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा. फेसबुकवरच्या साडेतीन कोटींहून अधिक सार्वजनिक पोस्ट त्यांनी तपासल्या. २०१७ ते २०२० या काळातल्या त्या पोस्टमध्ये दुवे शेअर करण्याच्या सुमारे ७५ टक्के वेळा शेअर करणाऱ्याने आधी दुवा उघडलेलाच नव्हता. मजकूर राजकीय असेल आणि एका टोकाला झुकलेला असेल, मग ते टोक कुठलंही असो, तर न उघडता शेअर करण्याचं प्रमाण आणखी वाढत होतं.

म्हणजे पुतण्या एकटा नाही.

पहिलं उत्तर मेंदूतलं आहे. हार्वर्डच्या डायना तामिर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ मध्ये दाखवलं की स्वतःबद्दल सांगताना मेंदूतले तेच भाग जागे होतात जे खाण्यापिण्याने किंवा पैसे मिळाल्याने जागे होतात. त्यांच्या प्रयोगात लोक थोडे पैसे सोडायला तयार झाले, पण स्वतःचं मत सांगण्याची संधी सोडायला राजी नव्हते. आता शेअर करण्याकडे या नजरेने पाहा. नटावरचा लेख ग्रुपवर टाकताना पुतण्या लेखाबद्दल फारसं काही सांगत नव्हता. मी कोण, मला काय आवडतं, मी कुणाच्या बाजूचा, हे तो सांगत होता. त्यासाठी मथळा आणि फोटो पुरतात. लेखाच्या पोटात काय आहे याची त्या कामाला गरजच पडत नाही.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कला, सिनेमा, चाहतेपण आणि राजकारण ही वरवर वेगळी दिसणारी दुकानं त्यात एकाच ओळीत येऊन बसतात. हेन्री ताइफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धातल्या संहारात त्याचं जवळजवळ सगळं कुटुंब गेलं. माणूस ‘आपले’ आणि ‘परके’ अशी फाळणी किती थोडक्या कारणावरून करतो, हे त्याला शोधायचं होतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या शाळकरी मुलांना त्याने दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, पॉल क्ले आणि वासिली कांडिन्स्की यांची. मग मुलांना सांगितलं, तू क्ले आवडणाऱ्यांतला, तू कांडिन्स्की आवडणाऱ्यांतला. खरं तर ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती, आवडीशी तिचा काही संबंध नव्हता. पुढे प्रत्येक मुलाला इतर दोघांमध्ये पैसे वाटायला दिले. ते दोघे कोण हे कळत नव्हतं, फक्त त्यांचा गट कळत होता. स्वतःला काही घ्यायची सोय नव्हती. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच नव्हे, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळायला हवं, असं वाटप ते निवडत होते. हा प्रयोग १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रांची आवड, तीही खोटी सांगितलेली, आणि तेवढ्यावर तट पडले.

रत्नागिरीकडे जाखडी नाचाच्या रात्री ज्याने जागवल्या असतील त्याला हे नवं वाटणार नाही. एकीकडे शक्तीवाले, दुसरीकडे तुरेवाले. सवाल-जवाब रंगात आले की गावातला शांत माणूससुद्धा ‘आपल्या’ शाहिरासाठी मांडी थोपटतो. फरक एवढाच की तिथे पहाट होते, चहा होतो, आणि दोन्हीकडची माणसं एकाच एसटीने घरी जातात. मोबाइलवरच्या सामन्याला पहाट होत नाही. नटाच्या चाहत्यांचा गट आणि पक्षाच्या समर्थकांचा गट यांची भाषा अलीकडे इतकी सारखी का झाली, याचं कारण मला या प्रयोगात सापडतं. मूळ यंत्र एकच आहे, त्यात क्ले घाला, नट घाला नाहीतर नेता.

नटाशी असलेल्या नात्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. डॉनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ मध्ये, टीव्ही नवा होता तेव्हा, लिहून ठेवलं की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जुळतं. तो माझ्याशीच बोलतो असं मला वाटतं, आणि मी जगात आहे हेही त्याला ठाऊक नसतं. आमच्या दशावतारात, देवळासमोर रात्रभर चालणाऱ्या कोकणी लोकनाट्यात, असं होत नाही. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं आमच्याकडे दशावतारी नटाबद्दल म्हणतात. रात्री देवळासमोर मुकुट घालून गरजलेला रावण सकाळी सामान उचलून पुढच्या गावची वाट धरताना दिसतो. त्याला हाक मारता येते, तोही ओळख देतो. पडद्यावरच्या नटाच्या बाबतीत ही परतफेड नसते, म्हणून चाहता ती शेअर करून, भांडून, त्याची बाजू लावून धरून भरून काढतो. पुतण्याच्या ‘एकदम बरोबर’मध्ये ही ओढ मला दिसते, आणि ती खरी आहे.

मग काय पसरतं आणि काय जागच्या जागी राहतं? जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या जवळपास ७,००० लेखांचा अभ्यास केला. लोक कुठले लेख इतरांना ईमेलने पाठवतात हे त्यांनी पाहिलं आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. अंगात सळसळ उठवणाऱ्या भावना लेखाला पाय देतात. विस्मय, संताप, धास्ती. दुःख मात्र माणसाला बसवून ठेवतं, दुःखाचा लेख पुढे सरकत नाही.

कोकणात याचा पडताळा रोज मिळतो. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारांवरच्या, कातळशिल्पांची ड्रोनने टिपलेली छायाचित्रं बघता बघता हजारो हातांत गेली. कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला तो अवाढव्य हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले प्राणी पाहिल्यावर आ वासतो, आणि आ वासलेला माणूस शेजाऱ्याला हाक मारतोच. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, तेव्हा तर उधाण आलं. पण आमच्या कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून गाणं म्हणत रामायण-महाभारताची कथा सांगायची, ही ती कला. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या आठवड्यात चित्रकथीवरचे लेख सगळीकडे फिरले. अभिमान हीसुद्धा सळसळ आहे. त्याआधी आणि त्यानंतर, पोथ्या जीर्ण होताहेत, ऐकणारे कमी झालेत, असं सांगणारे लेख आले ते दहा जणांनी हळहळून सोडून दिले. ते लेख वाईट नव्हते. दुःख माणसाला हलू देत नाही.

राजकारणात ही सळसळ शब्दाशब्दाला मोजता येते. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ५ लाखांहून अधिक ट्वीट तपासले. ‘लाज’, ‘द्वेष’, ‘दुष्ट’ अशा, नीती आणि भावना दोन्ही ज्यात आहेत त्या शब्दांमागे प्रत्येकी सुमारे २० टक्क्यांनी प्रसार वाढत होता. त्यातली वाईट बाब अशी की हा वाढीव प्रसार मुख्यतः आपल्याच गटात होत होता. समोरच्याला पटवायला लिहिलेलं वाक्य घरच्यांनाच पुन्हा पुन्हा ऐकू जातं. २०१८ मध्ये एमआयटीच्या तिघांनी ‘सायन्स’मध्ये त्याहून धक्कादायक हिशेब दिला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांपैकी खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागत होता. आणि खोट्यांत सर्वांत लांब धावणाऱ्या राजकीय. माणसाऐवजी संगणक चालवतो अशा ‘बॉट’ खात्यांवर दोष ढकलायला तिथे जागा उरली नाही, कारण ती खाती खरं-खोटं दोन्ही सारख्याच वेगाने पसरवत होती. वाढीव वेग माणसांचा होता.

माझी स्वतःची चूक इथे सांगतो, कारण ती अजून सलते. ‘दशावतार अखेरच्या घटका मोजतोय’ अशा मथळ्याचा एक लेख मी रात्री शेअर केला होता. वर हळहळ व्यक्त करणाऱ्या चार ओळीही लिहिल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात तात्या भेटले. ज्यांची आयुष्यभर राजाची कामं पाहिली ते हे तात्या. म्हणाले, ‘‘ता तू वाचलंस काय रे? आमी अजून जिते आसंव.’’ घरी येऊन लेख वाचला. निम्म्यानंतर लेखकाने नव्या पोरांनी उभ्या केलेल्या कंपन्या, जत्रांना पडणाऱ्या तारखा, रात्रभर बसणारी माणसं, सगळं तपशिलाने लिहिलं होतं. मथळा लेखाच्या उलट होता. आणि मधल्या त्या रात्रीत दोघातिघांशी फोनवर बोलताना मी दशावताराच्या अवस्थेबद्दल जाणकारासारखा बोललो होतो. माझ्याजवळ होता फक्त मथळा.

हे मला नंतर टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांच्या कामात जसंच्या तसं दिसलं. लेख शेअर केला की तो न वाचलेल्या माणसालाही त्या विषयातलं आपल्याला बरंच कळतं असं वाटू लागतं, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवलं. प्रत्यक्ष ज्ञान तेवढंच राहतं, ज्ञानाचा विश्वास वाढतो. एका प्रयोगात गुंतवणुकीवरचा लेख फेसबुकवर शेअर केलेल्यांनी पुढच्या गुंतवणुकीच्या सरावात अधिक जोखीम पत्करली. ‘मी हे चारचौघांत मांडलं, म्हणजे मला हे माहीत असणार,’ अशी मेंदू स्वतःची समजूत घालतो. खोट्या बातमीइतकाच हा धोका मोठा आहे असं माझं मत आहे. खोटी बातमी एखादवेळी उघडी तरी पडते. न वाचता आलेलं शहाणपण आपल्याच आत बसतं, त्याला कुणी हटकत नाही. मला तात्यांनी हटकलं.

उपाय म्हणून जे तपासलं गेलंय ते अगदी लहान आहे. गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की बहुतेकांना खोटं पसरवायचं नसतं, शेअर करण्याच्या क्षणी खरं-खोटं मनातच येत नाही. ट्विटरवरच्या ५,००० हून अधिक लोकांना त्यांनी एकाच मथळ्याबद्दल, तोही राजकारणाशी संबंध नसलेला, एवढंच विचारलं की हा तुम्हाला अचूक वाटतो का? त्यानंतर त्या लोकांनी शेअर केलेल्या बातम्यांचे स्रोत आधीपेक्षा बरे निघाले. २०२० मध्ये ट्विटरनेच ‘आधी लेख वाचायचा का?’ अशी विचारणा दाखवून पाहिली. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार ती पाहिल्यावर लोक ४० टक्के अधिक वेळा लेख उघडू लागले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. तिन्हींत हाताला क्षणभराचा अडसर आहे, एवढंच साम्य.

आमच्या गडग्यापाशी तो अडसर रेंजच घालते. त्या संध्याकाळी पुतण्याला मी काही बोललो नाही. उत्तरं यायची वाट पाहत तो तिथेच उभा राहिला, आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून असेल, उघडलेला लेख वाचू लागला. खळ्यात काळोख पडला होता, चेहऱ्यावर फक्त स्क्रीनचा उजेड. बराच वेळ तो खाली खाली सरकत राहिला. मग म्हणाला, ‘‘काका, यात त्याच्या आधीच्या तीन सिनेमांवर बरीच टीका केलीय, आणि ती पटतेय.’’ त्याने तिन्ही ग्रुपवरचा निरोप पुसला. लेख पुन्हा टाकला, पण एकाच ग्रुपवर, आणि या वेळी वर काय लिहायचं याचा विचार करत जेवायला हाक येईपर्यंत तिथेच उभा होता.