पहिल्या स्कूबा डाइव्हसाठी जागा कशी निवडावी
(सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी)

आमच्याकडे डाइव्हिंग सहलींच्या चौकशीला येणारे बरेचजण मोबाइलवरचा फोटो दाखवून "इथेच जायचंय" म्हणतात. फोटोत पाणी निळंशार असतं. पण तळ किती खोल, पाण्याला ओढ किती, होडीत परत चढायला शिडी आहे का, हे त्यात दिसत नाही, आणि नवख्याची डाइव्ह नेमकी याच गोष्टींवर अवलंबून असते.

तळ आधी विचारा

"किती खोल नेणार?" यापेक्षा "तिथला तळ किती मीटरवर आहे?" हा प्रश्न महत्त्वाचा. नवख्याला एका पातळीवर स्थिर राहणं जमत नाही. तरंगण्यासाठी घातलेल्या हवेच्या जाकिटात हवा जरा कमी पडली की तो खाली जायला लागतो. खाली जाईल तशी जाकिटातली हवा दाबली जाते, अंगातला रबरी सूटही दबतो, आणि तो आणखी वेगाने खाली जातो. तळ १० मीटरवर वाळूचा असेल तर फार तर गुडघे वाळूला टेकतील. हेच ४० मीटर खोल कड्याच्या काठावर झालं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हळूहळू उतरत जाणारा, ६ ते १२ मीटरचा वाळूचा तळ निवडा. कोर्स न करता इन्स्ट्रक्टरसोबत जास्तीत जास्त १२ मीटर, आणि ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला) कोर्स झाल्यावर १८ मीटर, ही मर्यादा आहे.

उथळ पाण्यात हवाही पुरते. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (दाबाचं एकक) हवा असते, त्यातले ५० बार राखीव. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २२ लिटर हवा घेतो. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट लागते. ५ मीटरवर सुमारे ५० मिनिटं मिळतात, १० मीटरवर ३८, आणि १८ मीटरवर जेमतेम २७. घाबरून धापा टाकल्या तर त्याहूनही कमी.

कानांसाठी दोर धरून उतरता येईल अशी जागा बघा. कानातल्या हवेच्या आकारमानात सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो. दोर हातात असला की दर अर्ध्या मीटरला थांबून, नाक चिमटीत धरून नाकातून हलकेच फुंकर मारून कानातला दाब जुळवता येतो. दुखायला लागण्याआधी मारायची. दुखलंच तर मीटरभर वर यायचं, जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. गोळी घेऊन उतरू नका, तिचा असर पाण्यातच ओसरला तर वर येताना हवा आत अडकते.

कुठली जागा, कोणासाठी

मालवण-तारकर्ली आपल्याला जवळ, आणि पहिल्या अनुभवासाठी बरी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाणी उथळ आहे. मात्र ते अनेकदा गढूळ असतं, म्हणून एका इन्स्ट्रक्टरमागे दोनांपेक्षा जास्त माणसं नकोत. हे पैसे भरण्याआधी विचारा. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट पाण्याच्या स्वच्छतेत सरस आहे, पण तो खुला समुद्र, होडीचा प्रवासही लांबचा. कोर्स झाल्यावर जा. कोर्सच करायचा तर अंदमानातलं हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप). तिथल्या नेमो रीफला किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येतं, होडीतून उडी मारायची भीती नाही. त्याच बेटाजवळचं डिक्सन्स पिनॅकल खोल आहे, ते पहिल्या सहलीत मागू नका.

"उजनीत नाही का होणार?" हेही विचारलं जातं. नाही. पाण्याखाली गाळ, झाडांचे बुंधे आणि मासेमारीची जाळी आहेत, आणि हातभर अंतरावरचं दिसत नाही.

तारीख

हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ वाढते, गाळ उसळतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या) दिवसांत, पाणी शांत असतं. कॅलेंडरमध्ये आधी तिथी बघा, मग रजा टाका. डाइव्हच्या सकाळी तेलकट खाणं आणि शेंगाचटणी नको. केळं, कोरडी भाकरी पुरे.

परतीचा घाट

आपल्याकडच्या सहलींत हे हमखास चुकतं. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी आंबोली किंवा गगनबावड्यावरून परत, असा बेत करू नका. पाण्याखाली शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, बधिरपणा येऊ शकतो. विमानासाठी असलेला नियमच आम्ही घाटालाही लावतो: एकच डाइव्ह केली असेल तर १२ तास, जास्त केल्या असतील तर १८ तास थांबायचं. शेवटची डाइव्ह सकाळी ११ वाजता संपवली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ५ नंतर गाडी काढा. मालवणला एक मुक्काम वाढतो, तो खर्च आम्ही दिलेल्या दरात आधीच धरलेला असतो.

दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी बुकिंगच्या वेळी आणा. गरोदरपणात डाइव्ह करता येत नाही.