व्हिसा संपला म्हणजे मुदत संपली असं नव्हे

"मुलाचा व्हिसा मार्चमध्ये संपला, आता अमेरिका सोडावी लागणार का?" आणि "आईबाबांना दहा वर्षांचा व्हिसा मिळालाय, राहू देत की वर्षभर." ही दोन वाक्यं ऐकून ऐकून मी थकलोय. पहिल्यात उगाच झोप उडते. दुसऱ्यात खरं नुकसान आहे, आणि त्याची भीती कुणालाच नसते.

व्हिसा तुम्हाला माहीतच आहे: मुलाखत, स्टॅम्पिंग, पासपोर्टवरचं स्टिकर. त्याचं काम विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर उभं करण्यापुरतं. आत किती दिवस राहायचं ते तो अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर पडते. स्टेटस, म्हणजे आत कायदेशीर राहण्याचा हक्क, सांभाळायचं ते या तारखेवर. आय-९४ सहसा हातात मिळत नाही, सरकारी साइटवरून काढावा लागतो, म्हणून तो कुणी बघतच नाही.

व्हिसा दहा वर्षांचा असला तरी आईबाबांना एका खेपेला साधारण सहा महिनेच मिळतात. ती तारीख ओलांडली की तो व्हिसाच बाद होतो. त्या तारखेनंतर १८० दिवसांहून जास्त राहून परतलं तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. उलट एच-१बीवाल्याला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याला, मुदतवाढ मिळाली आणि आय-७९७ या मंजुरीपत्राच्या तळाशी नवा आय-९४ आला, की पासपोर्टवरचा व्हिसा दोन वर्षांपूर्वी संपलेला असला तरी तो कायदेशीर. मात्र देशाबाहेर गेला की परतण्याआधी स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, आलंच.

यातही एक खड्डा आहे. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर अधिकारी बऱ्याचदा तेवढ्याच तारखेपर्यंत आय-९४ देतो. नोकरीची मंजुरी पुढच्या वर्षापर्यंतची असते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि मुदत कधी टळली ते कळतही नाही. विद्यार्थ्यांचं गणित वेगळं, ते इथे सोडतो.

हा फरक समजला असता तर १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्क लावलं तेव्हा इतका गोंधळ उडाला नसता. तो हुकूम प्रवेशावर होता. आत असलेल्यांचं स्टेटस बदलणं किंवा वाढवणं त्यात येत नाही, हे ऑक्टोबरमध्ये स्पष्टही करण्यात आलं. म्हणजे कंपनी तीच, काम तेच, पण तिथेच शिकून स्टेटस बदलणाऱ्या मुलीसाठी शुल्क नाही, आणि भारतातून नव्याने जाणाऱ्यासाठी आहे. सप्टेंबरमध्येच एच-१बीचा ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा नव्याने मिळवायची सोय, बंद झाला आणि तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्पिंग करून घेण्याची वाटही अडली. हे फासही दारापाशीच आवळले गेलेत, म्हणून लग्नाला भारतात यायचं तिकीट काढण्याआधी स्टॅम्पिंगची तारीख मिळतेय का ते बघा.

आणि आईबाबा उतरले की त्याच रात्री त्यांचा आय-९४ काढा, तारीख फ्रिजवर लावा.