करारबद्ध चाकरी (वसाहतकालीन अमेरिका)

अमेरिकेला जायचंय पण जहाजाचं भाडं भरायला पैसे नाहीत, मग ते भाडं दुसऱ्या कोणीतरी भरायचं आणि त्याबदल्यात ४ ते ७ वर्षं त्याच्या शेतावर नाहीतर घरात पगाराशिवाय राबायचं, खाणं-कपडे-निवारा मालकाकडे, ही पद्धत म्हणजे इंडेंचर. आपल्याला गिरमिट, म्हणजे अशीच करारावरची मजुरी, ऐकून माहीत असतं, कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेले मराठी मजूर अशाच करारावर गेले होते, पण ते १९व्या शतकात. अमेरिकेत हा प्रकार त्याच्या दोनशे वर्षं आधीच सुरू झाला होता. स्वातंत्र्ययुद्धाआधी १३ वसाहतींत आलेल्या युरोपियन लोकांपैकी निम्मे तरी असे आले असं इतिहासकार धरतात, त्यामुळे धर्मस्वातंत्र्यासाठी आलेले प्युरिटन एवढंच चित्र डोक्यात असेल तर ते फारच अपुरं आहे.

सगळ्याच्या मुळाशी तंबाखू. व्हर्जिनियात तंबाखूचं पीक चालायला लागलं आणि माणसं कमी पडायला लागली, म्हणून १६१८ मध्ये ही वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने हेडराइट काढलं, म्हणजे जो एका माणसाचं भाडं भरेल त्याला ५० एकर जमीन. जमीन मिळायची भाडं भरणाऱ्याला, राबणाऱ्याला नाही. शिवाय करार विकता यायचा, म्हणजे मधेच मालक बदलायचा आणि त्यात नोकराला कोणी विचारत नसे. मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे, पळून गेलं आणि सापडलं तर मुदत वाढायची.

रिचर्ड फ्रेथॉर्न नावाच्या तरुणाने १६२३ मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनजवळच्या मार्टिन्स हंड्रेड या वस्तीतून आईवडिलांना लिहिलेलं पत्र शिल्लक आहे, आणि या विषयावर एकच गोष्ट वाचायची असेल तर हे पत्र वाचावं. जहाजातून उतरल्यापासून मटार आणि पाणीदार पेज याशिवाय काही खाल्लं नाही, अंगावरचा झगा आपल्यातल्याच एकाने चोरला, मला इथून सोडवा, तेवढं जमत नसेल तर निदान खायला काहीतरी पाठवा, असं तो वडिलांना विनवतो. आदल्याच वर्षी तिथल्या मूळ रहिवासी पोवहॅटन लोकांच्या हल्ल्यात वसाहतीतली ३४७ माणसं मेली होती, आणि तिथले लोक अजून त्याच भीतीत जगत होते.

मुदत संपली की सुटका, वर थोडी मदत. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्यात पुरुषाला १० बुशेल (धान्याचं एक माप) मका, ३० शिलिंग आणि एक बंदूक, बाईला १५ बुशेल मका आणि ४० शिलिंग असं ठरलेलं होतं. पण सुरुवातीच्या काळात हिवताप-हगवणीने कितीतरी जण मुदत पुरी व्हायच्या आतच जायचे.

पुढे १८व्या शतकात पेनसिल्व्हेनियात जर्मन लोक यायला लागले, त्यांची पद्धत थोडी वेगळी, भाड्याची सोय फिलाडेल्फियाला उतरल्यावर करायची आणि नाही झाली तर तिथेच जहाजावर त्यांच्या चाकरीचा सौदा व्हायचा. नवराबायकोपैकी एक जण अर्ध्याहून जास्त प्रवास झाल्यावर वारला तर मागे राहिलेल्याने दोघांचं भाडं फेडायचं, हा नियम वाचून खरंच सुन्न व्हायला होतं. १७१८ नंतर ब्रिटनने हजारो कैदीही असेच पाठवले.

इतके हाल बघून हीसुद्धा गुलामगिरीच होती असं बरेच लोक लिहितात. ते बरोबर नाही. १६४० मध्ये व्हर्जिनियातून तीन नोकर एकत्र पळाले आणि मेरीलँडमध्ये सापडले, एक डच, एक स्कॉटिश आणि तिसरा जॉन पंच हा आफ्रिकन. फटके तिघांनाही, पण पहिल्या दोघांची मुदत ४ वर्षांनी वाढली आणि जॉन पंचला जन्मभर चाकरीची शिक्षा झाली. पळण्याचा गुन्हा तोच, कोर्ट तेच, फरक केला तो कातडीवरून. १६६२ मध्ये कायदा झाला की आई गुलाम तर मूलही गुलाम, म्हणजे गुलामगिरी हा मुदतीचा करार नव्हता, वंशपरंपरा होती. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनने व्हर्जिनियाच्या गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले, जेम्सटाउन जाळलं गेलं, आणि मळेवाल्यांनी याची चांगलीच धास्ती घेतली. इंग्लंडातून येणारे नोकरही कमी होत चालले होते, मग मळेवाले जास्त जास्त आफ्रिकन गुलामांकडे वळले.

प्रजासत्ताक आलं तरी पद्धत लगेच गेली नाही, १९व्या शतकाच्या सुरुवातीला ती हळूहळू विरली. १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधींच्या जागा ठरवायला लोकसंख्या कशी मोजायची ते लिहिलंय, त्यात ठरावीक वर्षांच्या चाकरीत असलेला माणूस पूर्ण एक धरलाय आणि गुलामांची संख्या तीन पंचमांश.